झेंडूची तिसरी खेप

होडी घेतली तेव्हा मी पन्नाशीला टेकले होते आणि जगातलं सगळं आपल्याला येतं अशी माझी पक्की समजूत होती. स्कूटी मी आठ दिवसांत शिकले होते. आठव्या दिवशी ती गोठ्याच्या भिंतीत घातली, पण शिकले होते. पापडाचं यंत्र मी एकदा खोलून परत जोडलं होतं. दोन स्क्रू उरले ते कुणाला न दाखवता तांदळाच्या डब्यात टाकले. अशा बाईला होडी म्हणजे काय, पाण्यावरची परात! ती बाई आज मला कुठे भेटली तर मी तिला हात धरून ओट्यावर बसवीन, गूळपाणी देईन आणि म्हणेन, "बाई गं, जरा दम खा." ती ऐकणार नाही म्हणा. गूळ तेवढा खाईल.

होडीची गरज का पडली ते आधी सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल म्हातारीला हौस होती. हौस होतीच, पण नुसती हौस नव्हती.

आमचा मळा नाशकाहून दिंडोरीच्या अंगाला, एका धरणाच्या काठावर आहे. धरण झालं तेव्हा पाणी आमच्या जमिनीच्या बरोबर मधून शिरलं. घर आणि घराभोवतीचं रान अल्याड राहिलं. साडेतीन एकरांचा एक तुकडा समोरच्या काठावर राहिला. मधलं काळंभोर रान, सगळ्यांत चांगलं, ते पाण्याखाली गेलं. समोरच्या तुकड्याला आम्ही नुसतं 'पल्याड' म्हणतो. ओट्यावर उभं राहून हाक मारली तर पल्याडचं माणूस ओ देतं, इतकं ते जवळ. पण जायचं म्हटलं तर धरणाच्या भिंतीवरून, दोन गावांतून वळसा. ट्रॅक्टरने तास जातो आणि पाठीचे मणके मोजून घ्यावे लागतात. उन्हाळ्यात पाणी उतरलं की सरळ चालत जाता येतं, पण तेव्हा तिथे ढेकळांशिवाय काही नसतं.

घरच्या रानात काय लावायचं ते आमचे हे ठरवत. द्राक्षाची छाटणी कधी, फवारणी कोणती, टोमॅटो किती, सगळं ह्यांच्या डोक्यात. मला विचारत ते फक्त जेवायला किती माणसं सांगू ते. पल्याड मात्र कुणी जायला राजी नसे, म्हणून ते माझ्याकडे आलं. मुरमाड जमीन, निचऱ्याची. मी तिथे झेंडू लावला आणि झेंडू असा आला की लांबून बघणाऱ्याला वाटावं, कुणी पिवळा शालू वाळत घातलाय. तेवढ्या साडेतीन एकरांत माझं राज्य होतं. तिथला बांधसुद्धा माझ्या मनासारखा वाकडा होता.

त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला एक पांढरी गाडी आली. उतरलेल्या माणसाने गॉगल काढला नाही. चहा पितानाही नाही. त्याला पल्याडचा तुकडा हवा होता. तिथे तंबू टाकून शहरातल्या लोकांना राहायला बोलवायचं, असा त्याचा बेत.

"तिथून व्ह्यू फार चांगला आहे," तो म्हणाला.

"तिथून आमचं न्हाणीघर दिसतं," माझी धाकटी जाऊ म्हणाली.

ह्यांना मात्र ते पटलं. वळसा घालून घालून कंबर गेली होती त्यांची. धाकट्या दिरांची फिरतीची नोकरी, जाऊ इथे मळ्यातच माझ्या जोडीला, आणि दीर तर दादा, म्हणजे आमचे हे, जिथे सही करतील तिथे खाली सही करणार. म्हणजे पल्याड गेलंच म्हणायचं.

रात्रीची भाकरी वाढता वाढता मी म्हटलं, "अहो, होडी घेऊ."

"काय घेऊ?"

"होडी. दहा मिनिटांत पल्याड. वळसा नको, कंबर नको."

ह्यांनी घास खाली ठेवला. "आपण शेतकरी माणसं. आपल्या सात पिढ्यांत पोहायला येत नाही कुणाला."

"मी कुठे पोहायला जाते? मी होडीत बसणार."

मग हसू दाबत त्यांनी अट घातली. दसऱ्याच्या आदल्या दिवशीचा झेंडूचा तोडा होडीने अल्याड आणायचा. तीन खेपांत. अकरा वाजता पिकअप शहराकडे निघते, त्याच्या आत. "जमलं तर पल्याड तुझं, मी परत विषय काढणार नाय. नाय जमलं तर दसरा झाला की मी सही करणार आणि तू तोंड उघडायचं नाही."

पहिली अट मला सोपी वाटली. तोंड न उघडण्याची जरा जड गेली. पण म्हटलं, मंजूर.

कुठल्याशा बागेतल्या तळ्यावरचं बोटिंग बंद पडलं होतं, तिथली एक निळी फायबरची होडी आम्हाला मिळाली. सोबत दोन वल्ही आणि दोन नारिंगी लाइफ जॅकेटं. ट्रॉलीत पालथी घालून ती श्रावणात घरी आली. गावातून येताना लोकांना वाटलं, पाण्याची टाकी आणली.

आता नवीन वस्तू घरात आली की आपण काय करतो? ट्रॅक्टर आला तेव्हा जे केलं तेच मी केलं. हळदीकुंकू वाहिलं, हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवायचं तर चाक नाही म्हणून दोन्ही वल्ह्यांखाली एकेक ठेवलं. आणि मग नारळ घेतला. ट्रॅक्टरच्या वेळी नारळ ह्यांनी पुढच्या लोखंडावर फोडला होता, एका फटक्यात. माझा नारळ, माझी होडी, मी कशाला मागे राहते? दोन्ही हातांनी डोक्यावर नेला आणि होडीच्या नाकावर असा काही हाणला की नारळ फुटलाच नाही. म्हणून परत हाणला. तिसऱ्यांदा फुटला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी खोबरं वाटलं.

होडीही फुटली होती हे दुसऱ्या दिवशी पाण्यात गेल्यावर कळलं. नाकाला केसासारखी चीर गेली होती आणि तिच्यातून पाणी झिरपत होतं. जाऊ म्हणाली, "ताई, जगातली पहिली होडी असंल, जिला पाण्यात जायच्या आधीच मालकिणीनं मारली." आम्ही चिरेला डांबर आणि गोणपाट लावलं. तरी थोडं थोडं पाणी यायचंच. मग तेलाचा डबा अर्धा कापून जाऊकडे दिला. तेव्हापासून मी वल्हवायचं आणि तिने पाणी उपसायचं, अशी वाटणी झाली.

जाऊला पाण्याची भीती. ती लाइफ जॅकेट घरातूनच घालून निघायची. गोठा, विहीर, बांध, सगळीकडून जॅकेट घालून ठुमकत काठापर्यंत. एकदा घाईत ते काढायचं राहिलं आणि ती तशीच चुलीपुढे बसून भाकऱ्या थापत होती. पोस्टमन आला, बघून गेला. पुढच्या आठवड्यात शेजारच्या गावात बातमी होती की धरण फुटणार आहे.

वल्हवणं ही माझ्या मते ताकदीची गोष्ट होती आणि ताकद मला होती. पहिल्या दिवशी होडीत चढले तर बैठक उलटी. म्हणजे पल्याडकडे पाठ आणि घराकडे तोंड. मी म्हटलं, हे काहीतरी चुकलंय. जिकडे जायचं तिकडे पाठ करून कोण जातं? नांगराचं तास काढताना आम्ही समोरच्या बांधावरच्या झाडावर नजर ठेवतो, बैलांच्या शेपट्यांकडे बघत कुणी नांगर धरत नाही. म्हणून मी पुढे तोंड करून बसले आणि वल्ही पुढे ढकलायला लागले. होडी गोल फिरली. उलट्या बाजूने ढकललं तर उलटी गोल फिरली. अर्ध्या तासात आम्ही काठापासून जेमतेम एका गोठ्याएवढ्या अंतरावर होतो आणि घरची म्हैस आमच्याकडे बघत रवंथ करत होती.

"ताई," जाऊ म्हणाली, "पल्याड म्हनं दहा मिन्टांत."

"गप्प बस आणि पाणी काढ."

"पानी मी काढते वो. पन आपण जातोय कुठं?"

आमची दया आली ती जाळंवाल्या बाबांना. त्यांचं खोपटं पल्याडच्या काठाला, आमच्या झेंडूच्या खालच्या अंगाला. धरण झाल्यापासून ते तिथे मासे धरत. त्यांच्याकडे होडी नव्हती. ट्रकच्या ट्यूबवर फळी टाकून ते पाण्यावर मांडी घालून बसत, जणू देवघरात बसलेत. त्या दिवशी ते तसेच हातांनी पाणी मारत आमच्याजवळ आले.

"बाय, उलटी बस."

"उलटी बसल्यावर दिसणार कसं, कुठे जायचं ते?"

"ते नकं बघू. जिथून निघालीस ते बघ. तुमचा लिंब आन् त्यामागची पान्याची टाकी, दोन्ही एका रेघंत धर. रेघ मोडली नाय तर तू नीट चाललीस."

मला ते काही पटलं नाही, पण हात भरून आले होते म्हणून उलटी बसले. लिंब आणि टाकी एका रेघेत धरले. आणि काय सांगू, पाठ आपोआप पल्याडच्या काठाला जाऊन टेकली! मी जाऊला म्हटलं, "बघ, जमलं की नाही मला." बाबांचं नावही घेतलं नाही. अशी मी.

होडी जमली म्हटल्यावर आमच्यातली शेतकरीण परत जागी झाली. संध्याकाळी ती बांधायची कशी? जनावर बांधतो तशी. दोर आखूड, गाठ पक्की, म्हणजे इकडेतिकडे जायला नको, कुणाच्या पिकात शिरायला नको. काठच्या बाभळीच्या बुडाशी मी तिला असं आवळलं की तिने मान हलवू नये. गणपतीत वर डोंगरात जोराचा पाऊस झाला. धरणाचं पाणी एका दिवसात हातभर चढलं. सकाळी येऊन बघते तर होडीचं नाक पाण्याखाली, शेपूट आभाळाला, आणि आत दोन बेडूक. पाण्याबरोबर तिला वर यायचं होतं आणि मी येऊ दिलं नव्हतं.

बाबा ट्यूबवरून म्हणाले, "म्हैस नाय ती, बाय. पानी चढतं, उतरतं. दोर ढिला सोड."

पुढच्या आठवड्यात मी तो इतका ढिला सोडला की होडी वाऱ्याने वाहत जाऊन बाबांच्या जाळ्यात अडकली. मासळीऐवजी निळी होडी लागली म्हणून बाबांनी दिवसभर आमच्या नावाने काय काय म्हटलं ते पाण्यावरून स्वच्छ ऐकू येत होतं.

हे सगळं आमचे हे ओट्यावरून बघत. संध्याकाळी फक्त विचारत, "आज कुठपर्यंत?" मी म्हणे, "पल्याड." आणि त्यांच्या ताटात चटणी जरा जास्तच वाढे.

असं करत करत दसरा आला. आदल्या दिवशी पहाटेपासून पल्याडच्या गावातल्या बाया तोड्याला होत्या. झेंडू त्या वर्षी असा होता की पाय ठेवायला जागा नाही. आठ वाजेपर्यंत प्लास्टिकची चव्वेचाळीस कॅरेट भरली. बाबांनी मला आधीच बजावलं होतं, दोन माणसं आणि बारा कॅरेटच्या वर एक फूल नको. पहिल्या खेपेला बारा नेली. येताना बाबांचं खोपटं आणि त्यामागचं झाड रेघेत, जाऊच्या डब्याचा ताल, आम्ही गाणं म्हणत अल्याड पोहोचलो. दुसऱ्या खेपेला बारा. काठावर पिकअप उभी होती, तिच्यात ती चढली. साडेनऊ झाले होते. रिकामी होडी घेऊन परत पल्याड आलो.

उरली वीस.

आता शहाणं माणूस काय करील? दोन खेपा करील. वेळ होता. पण ठरल्या होत्या तीन. "तीन म्हणजे तीनच असं ते म्हणाले नव्हते ओ," जाऊ म्हणाली, "दोनदा जाऊ की." मी कदाचित ऐकलंही असतं. पण तेवढ्यात अल्याडच्या काठावर पांढरी गाडी येऊन थांबली. गॉगलवाला उतरला आणि ह्यांच्या शेजारी, हात कमरेवर ठेवून, आमच्याकडे बघत उभा राहिला. झालं! माझ्या अंगात आलं. पिकअपमध्ये रचतात तशी मी कॅरेट एकावर एक रचली. चार थर. वीसच्या वीस. होडी पाण्यात इतकी बसली की काठ आणि पाणी यांच्यात चार बोटांचं अंतर राहिलं. झेंडूच्या भिंतीआड मला जाऊ दिसेना, नुसता डबा ऐकू येत होता.

बाबा खोपट्यातून ओरडले, "ए बाय! येडी झाली का?"

मी हात हलवला. त्यांना वाटलं असेल निरोप घेतेय.

चाललो. संथ, पण चाललो. मधलं खोल पाणी पार झालं. अल्याडचा काठ शंभर पावलांवर आला, असं मला वाटलं. बघायला मला पल्याडच दिसत होतं, आणि तेही झेंडूतून फटीफटीने. खोपटं झेंडूमागे, झाड झेंडूमागे. उलटं जाताना रेघ बाबांच्या खोपट्याची धरायची ती मी धरलीच नव्हती, कारण मी मान वळवून गॉगलवाल्याकडे बघत होते. तेवढ्यात होडीच्या पोटाला खालून काहीतरी टणकन लागलं. रिकामी होडी त्याच्यावरून रोज अलगद जायची, बारा कॅरेटवाली जरा घासून गेली असेल. वीसवाली थडकली. वरचा थर हलला, मग दुसरा, आणि मग सगळी भिंत एका बाजूला कलली, तिच्याबरोबर होडी, होडीबरोबर आम्ही.

"बुडाले! अहो, बुडाले!" मी ओरडले.

पाण्यात पडल्यावर जॅकेटने मला उताणं केलं. पाय वर, हात वर, लुगडं फुगलेलं, अंगावर झेंडू. मी पाय खाली सोडते तर जॅकेट ते वर आणतंय. डोळे मिटून मी सगळ्या देवांची नावं घेतली. मग पोरांची घेतली, मग दागिने कुठल्या डब्यात आहेत ते मोठ्याने सांगायला लागले.

"ताई!" जाऊचा आवाज आला. "ताई, उभ्या ऱ्हा की! पानी माझ्या छातीला हे!"

डोळे उघडून बघते तर जाऊ, जिला पाण्याची भीती, शेजारी चांगली उभी होती. एका हातात डबा, डोक्यावर दोन फुलं. तिने माझं जॅकेट धरून मला सरळ केलं, लहान पोराला करतात तसं. खाली गाळ लागला. मी उभी राहिले. आणि मग बघितलं.

सगळं पाणी पिवळं झालं होतं. वीस कॅरेट झेंडू हळूहळू पसरत चालला होता, वाऱ्याबरोबर, मधल्या खोल पाण्याकडे. पल्याड गेलं, एवढंच मनात. साडेतीन एकर माझ्या डोळ्यांसमोर असं वाहत चाललं होतं.

काठावर गॉगलवाला हसत होता. हे हसत नव्हते. त्यांनी चपला काढल्या, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात उतरले. मी ओरडले, "अहो, येऊ नका, खोल आहे! पोहता येत नाही तुम्हाला!" त्यांनी लक्षच दिलं नाही. काठाने थोडं डावीकडे गेले, एका ठिकाणी थांबले, पायाने चाचपलं, आणि सरळ आत चालायला लागले. आम्ही छातीभर पाण्यात आणि हे गुडघाभर! चालतायत, चालतायत, धरणाच्या आत, हात मागे बांधून, जसे संध्याकाळी रानातून फेरी मारतात तसे. मधे एके ठिकाणी जरा वळले, परत सरळ झाले. एकदाही पाय चुकला नाही.

"अहो," गॉगलवाला काठावरून म्हणाला, "हे पाण्यावर कसे चालतायत?"

"आमच्यात सगळेच चालतात," जाऊने छातीभर पाण्यातून त्याला सांगितलं.

तो बांध होता. मधल्या रानाचा, पाण्याखाली गेलेला. दर उन्हाळ्यात पाणी उतरलं की तो उघडा पडतो आणि दर उन्हाळ्यात मी त्याच्यावरून पल्याड जाते. पण वर पाणी आलं की मला सगळं सारखंच. माझी होडी त्याच बांधाला थडकली होती. ह्यांना मात्र तो वरून पाणी असताना दिसत होता. कुठे वळतो, कुठे दगड आहे, कुठे पाट फुटायचा म्हणून खाच आहे. लहानपणी वडिलांच्या मागे चालून पायांना पाठ झालेला.

आमच्यापाशी आल्यावर त्यांनी आधी मला विचारलं, "लागलं का?" मी मान हलवली. मग त्यांनी कलंडलेली होडी सरळ केली, कॅरेट गोळा केली आणि बांधावर उभं राहून ओंजळीओंजळीने झेंडू भरायला लागले. पलीकडून बाबा ट्यूबवर बसून जाळं घेऊन आले. त्यांनी फुलांच्या पुढून जाळं फिरवलं, एक टोक ह्यांच्या हातात दिलं, आणि दोघांनी मिळून झेंडू असा ओढून आणला, जसं मासळीचं घबाड लागावं.

जाऊ म्हणाली, "देवाला वाहायची फुलं, आन् मासळीच्या जाळ्यात?"

"जाळं माझं रोज गंगेत न्हातं," बाबा म्हणाले. "तू आज पयल्यांदाच न्हाली."

अर्धा झेंडू हाती लागला. अर्धा गेला तो गेला. हे काम करता करता एका ठिकाणी थांबले. पाण्याखाली पायाने काहीतरी चाचपत राहिले. "इथं दगड होता," म्हणाले, कुणाला उद्देशून नाही. "भाकरी खायला बसायचो. हाय अजून." एवढंच. मग परत वाकून फुलं भरायला लागले. तीस वर्षांच्या संसारात त्यांनी मधल्या रानाचं नाव कधी काढलं नव्हतं. मला वाटायचं, विसरले.

आम्ही काठावर आलो तेव्हा अकरा वाजून गेले होते आणि पिकअप चोवीस कॅरेट घेऊन निघून गेली होती. म्हणजे मी हरले. अंगातून पाणी गळतंय, केसांत शेवाळ, नारिंगी जॅकेट, अशी मी ह्यांच्या शेजारी उभी. गॉगलवाल्याने घसा साफ केला. "मग काका, परवा कागद घेऊन येऊ?"

ह्यांनी पॅन्टची दुमड सोडली. "साहेब, चहा घ्या आन् निघा. जमीन द्यायची नाय."

"पण तुमचं तर ठरलं होतं. काकूंची बोट…"

"मधलं रान गेलं तेव्हा आमच्या वडलांना कुणी विचारलं नव्हतं. मी पोरगा होतो, मला तर नाहीच. आता मला विचारताय, तर मी सांगतोय. नाय."

मला राहवेना. कुठे गप्प बसायचं हे त्या बाईला कधीच कळलं नाही. मी म्हटलं, "अहो, पण तिसरी खेप तर…"

"तू तोंड उघडायचं नाही असं ठरलंय," हे म्हणाले.

भिजलेला झेंडू टिकत नाही. शिवाय त्याला किंचित मासळीचा वास येत होता आणि जाऊने तो देवाला लावू द्यायला साफ नकार दिला. आम्ही अंगणात बसून त्याचे हार केले आणि गावात वाटले. दुसऱ्या दिवशी आमच्या गावातला प्रत्येक ट्रॅक्टर, प्रत्येक मोटरसायकल, फवारणीचा पंप, पिठाची गिरणी, सगळे हार घालून होते. मांजरं त्यांच्यामागून फिरत होती. बाबांच्या ट्यूबला मी स्वतः हार घातला आणि उशिरा का होईना, वल्हवायला तुम्हीच शिकवलंत असं सगळ्यांसमोर म्हटलं. बाबा म्हणाले, "मी शिकवलं असं कुनाला सांगू नको."

ह्याला आता बरीच वर्षं झाली. पल्याड अजून आमचं आहे. होडी दुसरी आहे, नारळ मी आता दगडावर फोडते. पण एक गोष्ट त्या बाईने, म्हणजे मी, ध्यानात घेतली नव्हती. जमीन वाचेल, पण मग ती दोघांची होईल. त्या दसऱ्यानंतर चारच दिवसांनी हे सकाळी उठून होडीत येऊन बसले. "चल," म्हणाले. तेव्हापासून रोज येतात. पल्याड उतरले की कमरेवर हात ठेवून उभे राहतात आणि सांगायला लागतात. हा बांध वाकडा आहे, सरळ करू. इथे ठिबक टाकू. ह्या कोपऱ्यात पेरू लावू. माझा वाकडा बांध त्यांनी दोन वर्षांत काटकोनात आणला. साडेतीन एकरांतली माझी राजवट अशी, विनायुद्ध, संपली.

ह्या वर्षी त्यांच्या मनात शेवंती आहे. काल होडीत तोच विषय.

"झेंडूचं काय राहिलंय आता? सगळं जग झेंडू लावतंय. शेवंती लावू."

"शेवंतीला निगुती फार लागते."

"मी करीन की."

"तुम्ही सांगाल. करीन मी."

मागे बसलेली जाऊ म्हणाली, "निम्मं निम्मं करा आन् मला उतरवा."

मी पुढे काही बोलले नाही. ह्यांना वाटलं, पटलं. झेंडूची रोपं मी गेल्या आठवड्यातच दिंडोरीच्या नर्सरीत सांगून ठेवली आहेत, साडेतीन एकरांची. शुक्रवारी येतील. शुक्रवारी हे डोळे तपासायला शहरात जाणार आहेत. वेळ मीच घेऊन दिली.